नवतप्यात नर सांभाळ

हॅचरीत येणारा जो तो आधी मादीचं पोट बघतो. गिऱ्हाईक बघतं, साहेब बघतो, कालच कामाला लागलेला पोरगाही बघतो. पोट फुगलेलं, हाताला मऊ, खालचं छिद्र लालसर आलेलं, म्हणजे हंगाम चांगला. नर मात्र हाप्यातून, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीतून, हाताला लागेल तो उचलायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा, पांढरा थेंब आला की झालं काम.

पोरी, तू नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून शिकून आलीस. संप्रेरकांची नावं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. तरी हॅचरी तुझ्या हाती देताना तुझ्या मोठ्या बाबाला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं नराबद्दल आणि पाण्याच्या उष्णतेबद्दल आहे. ऊन मादीलाही लागतं, खरं तर नराच्या आधी लागतं. पण तिचं बिघडलेलं दिसतं. पोट सैल पडतं, सुई देऊनही अंडी सुटत नाहीत. नराचं बिघडलेलं दिसत नाही. थेंब येतो, पांढराही असतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत अंडी पांढरीफटक पडलेली दिसली की दोष कुणाला? मादीला, पाण्याला, नाहीतर इंजेक्शनच्या कुपीला. नराचं नाव कुणी घेत नाही.

तेव्हा आधी थर्मामीटर. तो कार्यालयाच्या भिंतीवर टांगायचा नाही, ब्रूडरच्या, म्हणजे विणीसाठी राखलेल्या माशांच्या, तळ्यावर न्यायचा. मोजायचं दोन वेळा, पहाटे सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी तीनच्या सुमारास. तेही दोन जागी, वरच्या थरात आणि तळाशी. तळाचं पाणी काढायला महागडं यंत्र नको. जड काचेच्या बाटलीला एक दोरी बांध, बुचाला दुसरी. बाटली तळापर्यंत सोड, बुचाची दोरी ओढ, बाटली भरली की झटकन वर घे आणि लगेच मोज. मे महिन्यात वर 35 अंश आणि दोन मीटरवर 30-31 असा फरक सहज मिळतो. तुझे नर त्यातल्या कोणत्या थरात दिवस काढतात, हे तुला माहीत पाहिजे.

हे एवढं का, तर बोकडाची वृषणं पोटाबाहेर लोंबतात, म्हणून वैशाखातही ती अंगापेक्षा काही अंशांनी थंड राहतात. रोहूला ती सोय नाही. त्याची वृषणं पोटाच्या आत, हवेच्या पिशवीला लागून असतात आणि मासा थंड रक्ताचा. तळ्याचं जे तापमान तेच त्याच्या अंगाचं, तेच वृषणाचं. पाणी तापलं की आतल्या पेशींची विभागणी वेगाने होते, गार झालं की मंदावते, फार गार झालं की थांबते. झेब्रा माशात 28 अंशांच्या आसपास शुक्रपेशी घडण्याचे शेवटचे टप्पे जेमतेम सहा दिवसांत उरकतात. तिलापियाला 20 अंशांवर ठेवलं तर तेच काम मध्येच अडून बसतं. म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका माणसांसाठी. नराचे दिवस मोजायचे ते पाण्याच्या अंशांनी.

आता आपल्याकडच्या रोहू, कटला, मृगळ यांचं वर्ष कसं जातं ते नीट समजून घे. आषाढ-श्रावणात विणीचं काम उरकलं की भाद्रपद-आश्विनात वृषणं आक्रसतात, उरलंसुरलं वीर्य शरीर शोषून घेतं. नोव्हेंबर ते जानेवारी विश्रांती. त्या दिवसांत नराचं पोट फाडून बघितलंस तर दोरीएवढ्या दोन बारीक पट्ट्या दिसतील, बस. फेब्रुवारीत दिवस मोठा होत जातो, पाणी 22-24 अंशांकडे सरकतं आणि आत मूळ पेशींची संख्या वाढायला लागते. मार्च-एप्रिलमध्ये पुढचे टप्पे. एप्रिलच्या शेवटी, मेमध्ये बहुतेक नर अंगठ्याखाली थेंब देऊ लागतात. मादी त्यामानाने मागे असते, तिच्या अंड्यांत पिवळं भरायचं काम चाललेलं असतं. नर आधी तयार होतो आणि हीच खरी मेख आहे. तो तयार होऊन बसतो आणि आपला विदर्भातला सगळ्यात कडक उन्हाळा त्याला तशाच तयार अवस्थेत काढावा लागतो.

माझे हाताशी धरायचे आकडे असे. 20 च्या खाली नर झोपलेला समज. 22 ते 25 ला काम सुरू. 26 ते 31 हा त्याचा सुखाचा पट्टा, वीणही याच पट्ट्यात. 33 गेलं की काळजी. 35 च्या खाली पहाटेसुद्धा उतरत नसेल तर तो नर यंदा वापरायचा की नाही, याचा पुन्हा विचार कर. पुस्तकात आकडे अंशभर इकडेतिकडे मिळतील, त्यावरून भांडू नको.

हिवाळ्याबद्दल एक गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. थंडी वाईट नाही. भंडारा-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हवा आठ-दहा अंशांवर येते, तळ्याचं पाणी अठरा-वीसपर्यंत उतरतं, मासे खाणं जवळजवळ सोडतात. अशा वेळी नवशिका मालक घाबरून बोअरवेल सुरू करतो. बोअरचं पाणी वर्षभर 26-28 अंशांच्या आसपास असतं, हिवाळ्यात हाताला कोमट लागतं, म्हणून त्याला वाटतं माशांना बरं वाटेल. मासे हालचाल करतात, खायला लागतात, हा खूश. पण नराचा विसावा मोडला. फेब्रुवारीत सुरू व्हायचं ते काम डिसेंबरातच सुरू झालं. मादी तेवढ्या वेगाने येत नाही, कारण तिला नुसती ऊब पुरत नाही, खाणंही भरपूर लागतं. मग मार्चमध्ये नर तयार आणि पाऊस तीन महिने लांब. हिवाळ्यात ब्रूडरच्या तळ्यात बोअरचं पाणी सोडू नको. पाणी कमी पडलं तर कालव्याचं किंवा शेजारच्या बोडीचं, छोट्या तळ्याचं घे, आधी तापमान मोजून.

मुद्दाम लवकर बीज काढायचं असेल तर गोष्ट वेगळी. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेच्या सिफा संस्थेने ब्रूडरसाठी खास खाद्य काढलं आहे, आणि चांगलं खाणं, चांगलं पाणी दिलं तर तोच मासा एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा वीण देतो हेही त्यांनी करून दाखवलं आहे. तसं करायचं तर नर-मादी दोघांचंही वेळापत्रक जुळवावं लागतं, पाणी आठवड्याला एखाद-दोन अंशांनीच चढवावं लागतं, आणि पुढच्या मोठ्या हंगामासाठी नरांचा दुसरा संच गार तळ्यात राखून ठेवावा लागतो. एकच संच मार्चमध्येही वापरायचा आणि आषाढातही, हा लोभ करू नको.

फेब्रुवारीत जाळं टाकून नर-मादी वेगळे कर. नराच्या छातीवरचा पर आतल्या बाजूने बोटाला खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. हा खरखरीतपणा हंगाम जवळ येतो तसा वाढतो, त्यामुळे फेब्रुवारीत काही कोवळ्या नरांचं चुकेल, ते एप्रिलमध्ये दुरुस्त कर. वेगळं करायचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्या वळवाच्या सरीला तळ्यातच गडबड होऊ नये. दुसरं कारण माझं. नरांना वेगळं पाणी देता येतं. मादीच्या तळ्यावर खाद्याचा मारा चालतो तो नराला लागत नाही. तेलकट, जास्त खाऊन सुस्तावलेला नर पोटात चरबी साठवतो. चरबीने पोट भरलं की वृषणाला जागा कुठे राहणार?

नरांना खोल तळं दे. जागा कमी असेल तर मादीचं तळं दीड मीटर चालेल, नराचं दोन मीटरच्या खाली जाऊ देऊ नको. हे ऐकून लोक हसतात, त्यांना वाटतं म्हातारा उलटं सांगतो. पण मादी एप्रिल-मेमध्ये अंडी भरत असते, तिला थोडी ऊब चालते. नर भरून बसलेला असतो, त्याला टिकायचं असतं.

कटल्याचा नर सगळ्यात हळवा. कटला वरच्या थरात तोंड उघडून चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. वरचा थर सगळ्यात गरम. आपल्याकडे कटल्याचा नर नीट थेंब देत नाही, दिला तरी अंडी कमी फळतात, ही ओरड दरवर्षीची. त्यामागे कारणं दुसरीही असतील, मी फक्त एवढं करतो की कटल्याच्या तळ्यावर सावली करतो. हिरवी जाळी बांबूवर ताण, तळ्याच्या पाव भागापुरती. जलपर्णी सोडून सावली करायचा मोह आवर. ती रात्री प्राणवायू खाते आणि महिनाभरात सगळं तळं तिचं होतं.

सायप्रिनसचं कॅलेंडर यात मिसळू नको. तो परदेशी मासा, त्याला गार पाणी मानवतं, आपल्याकडे त्याची मोठी वीण जानेवारी ते मार्चमध्येच होते आणि त्याचा नर जवळजवळ वर्षभर थेंब देतो. त्याच्याकडे बघून रोहूचा अंदाज बांधणारे भले भले फसले. आणि सह्याद्रीतल्या महासीरची तऱ्हा आणखी निराळी. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीरचं बीज तयार होतं. तिथलं पाणी घाटातलं, गार. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला तिथे दिवस लागतात, आपल्या रोहूला पंधरा-अठरा तास. एका माशाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

आता मे महिना. 25 मेला रोहिणी लागते आणि नवतपा सुरू होतो. ते नऊ दिवस आणि त्यांच्या आगेमागचे पंधरा, माझ्या लेखी सगळा हंगाम तिथे ठरतो.

पाणी तापलं की नराच्या अंगात तीन गोष्टी होतात. एक, वर सांगितलं ते, आतलं चक्र वेगाने फिरतं, शुक्रपेशी भराभर तयार होतात आणि बाहेर पडायची वेळ येईपर्यंत म्हाताऱ्या होतात. शरीर त्या शोषून घेतं, पण नव्या तयार करायला मूळ पेशींचा साठाही लागतो, आणि फार जास्त, फार दिवसांच्या उष्णतेत तो साठाच घटतो. तिलापियाला छत्तीस-सदतीस अंशांवर बराच काळ ठेवलं तर वृषणातल्या मूळ पेशी मरून नर वांझ होतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. दोन, मेंदूपासून पिट्यूटरीला आणि तिथून वृषणाला जो निरोप जातो तो क्षीण होतो. वृषणातून निघणारं संप्रेरक, ज्याला तुम्ही अकरा-कीटोटेस्टोस्टेरॉन म्हणता, ते उतरतं आणि वीर्य पातळ येतं. तीन, प्राणवायू. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 ला साडेसात, 35 ला सातच्याही खाली. मासा तापलेला असतो म्हणून त्याला प्राणवायू लागतो जास्त आणि पाण्यात मावतो कमी. पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात ते यामुळेच. अशी एक पहाट गेली की अंगात ताणाचं संप्रेरक चढतं आणि ते प्रजननाच्या सगळ्या कामाला खीळ घालतं.

उपाय साधे आहेत, फक्त वेळेवर व्हायला हवेत. बोअरचं पाणी जे हिवाळ्यात वर्ज्य, ते आता सोनं आहे. 27 अंशांचं पाणी 35 च्या तळ्यात. पण ते जमिनीखालून येतं, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून पाइप पाण्यात बुडवू नको. उंचावरून फळीवर किंवा दगडांवर आपटून पडू दे. वेळ रात्री दहा ते पहाटे पाच. दुपारी सोडलंस तर वीज गेली आणि पाणीही वाया गेलं. एका रात्रीत तीन अंशांपेक्षा जास्त उतरवू नको, एकदम गार पाण्याचा धक्का बसला की मासा खाणं सोडतो आणि कातडीला रोग लागतो. वीज बऱ्याचदा रात्री येते, हा आपल्याकडचा शाप इथे वरदान आहे, घे त्याचा फायदा.

नवतप्यात नरांच्या तळ्यात जाळं टाकायचं नाही. कितीही मोठा पाहुणा येऊ दे, "दाखवा जरा ब्रूडर" म्हणू दे, चहा पाज आणि परत पाठव. तापलेल्या पाण्यात एकदा जाळ्यात गोळा झालेला, हवेत उचललेला, पोट दाबलेला नर पुढच्या दोन-तीन आठवड्यांसाठी गेला. आणि "थेंब येतो का बघू" म्हणून दर आठवड्याला दाबून बघायची खोड तर आधीच मोड. तयार आहे की नाही हे एप्रिलच्या शेवटी एकदा बघायचं, नंतर थेट पाऊस आल्यावर. पाणी दुपारी 33-34 च्या वर जात असेल तर खाद्य निम्म्यावर आण आणि ते पहाटेनंतर, ऊन चढायच्या आत दे. न खाल्लेलं खाद्य तळाशी सडतं आणि प्राणवायू खातं. शेण, खत या दिवसांत बंद.

उष्णतेचा नर-मादीवर आणखी एक वेगळाच खेळ आहे, तो आपल्या कामाचा नाही पण तुला ठाऊक असू दे. तिलापियाचं पिल्लू अगदी लहान असताना काही दिवस 35-36 अंशांच्या पाण्यात ठेवलं तर जन्माने मादी असलेली कित्येक पिल्लं नर होतात. नॉर्वेत उलटी डोकेदुखी आहे. सॅमनची पिल्लं बंद टाक्यांत ऊबदार पाण्यात आणि चोवीस तास उजेडात वाढवली की वाढ झपाट्याने होते, पण त्यातले पुष्कळ नर लहानपणीच वयात येतात. मग खाल्लेलं अन्न मांसाऐवजी वृषणात जातं, मासा विकायच्या लायकीचा राहत नाही. त्यांना नर लवकर पिकायला नको आहे, आपल्याला तो पिकलेला टिकवायचा आहे. दोघंही शेवटी पाण्याच्या अंशांशीच झगडतात.

मृग लागला, दोन-चार सरी पडल्या की घाई करू नको. पहिल्या पावसाने तळ्याचं वरचं पाणी गार होतं, खालचं तापलेलंच राहतं. सलग तीन-चार दिवस ढगाळ जाऊ दे, पहाट आणि दुपार यातला फरक दोन अंशांवर येऊ दे, वर-खाली पाणी सारखं होऊ दे. 28-29 ला पाणी ठरलं की नराच्या अंगात बदल होतो, वीर्य वाढतं, वाहतं होतं. हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी 1957 मध्ये ओडिशातल्या अंगुलला पिट्यूटरीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांची पहिली वीण यशस्वी केली ती तारीख 10 जुलै. आज आपण तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा करतो, हार घालतो, भाषणं करतो. मी त्या तारखेत पाणी बघतो. ती आषाढातली आहे, मेमधली नाही. सुई माणसाची असली तरी पाणी तेव्हा पावसाने आयतं गार झालेलं होतं.

नर निवडताना थेंब आला एवढ्यावर थांबू नको. तळहात आणि माशाचं पोट कोरड्या फडक्याने टिपून घे. पहिला थेंब पुसून टाक, त्यात लघवी मिसळलेली असते. दुसरा थेंब घट्ट, दुधाळ हवा. पाणचट, निळसर झाक असलेला, किंवा गुठळ्या असलेला असेल तर तो नर बाजूला. मग काचपट्टीवर अगदी कणभर थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घे. कोरड्या थेंबात काहीही हलणार नाही, ते बरोबर आहे, वीर्यात असेपर्यंत शुक्रपेशी निपचित असतात. आता टाकीतल्या पाण्याचा एक थेंब त्यात टाक आणि मनात आकडे मोज. सगळं क्षेत्र एकदम उसळलं पाहिजे. कार्पच्या शुक्रपेशी पाण्यात पडल्यावर जेमतेम मिनिट-दीड मिनिट पोहतात, त्यातही जोर पहिल्या अर्ध्या मिनिटाचा. पाणी गरम असेल तर वेग जास्त दिसतो आणि दम लवकर संपतो. म्हणून काचपट्टी आणि पाणी दोन्ही टाकीच्या तापमानाचं असू दे, खोलीत तापलेल्या पट्टीवर केलेली परीक्षा खोटी. निम्म्याहून कमी पेशी हलत असतील तर तो नर मला नको, मग दिसायला कितीही देखणा असो.

गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेऱ्याचं (सिल्व्हर कार्प) बीज हाताने दाबून काढतो तेव्हा हेच अर्धं मिनिट आपलं भांडवल असतं. अंड्याचं तोंडही पाणी लागलं की तेवढ्याच वेळात मिटतं. म्हणून अंडी कोरड्या भांड्यात, त्यावर वीर्य, पिसाने हलक्या हाताने मिसळायचं आणि मगच पाणी. पाणी हॅचरीतलं, 27-28 चं. उन्हात ठेवलेल्या बादलीतलं नाही. मादी उशिरा सुटणार असेल तर वीर्य कोरड्या नळीत घेऊन थंड ठेवता येतं, काही तास टिकतं. नळीत वर हवा राहू दे, बर्फाला नळी थेट लावू नको, मध्ये कापड असू दे. थंडीत पेशींची शिदोरी पुरते, एवढंच त्यातलं गणित.

सुईचं सांगतो तसं कर. पिट्यूटरी वापरलीस तर नराला एकच डोस, मादीच्या दुसऱ्या डोसाच्या वेळी. ओव्हाप्रिम असेल तर दोघांना एकाच वेळी, नराला किलोमागे 0.1 ते 0.2 मिली. नर बारीक दिसतो म्हणून डोस वाढवायचा नाही. त्या औषधात मेंदूचा लगाम सैल करणारा भाग आणि पिट्यूटरीला हाक देणारा भाग असतो. दोन्ही मिळून साठलेलं बाहेर काढतात, नसलेलं तयार करत नाहीत. नवतप्यात वाया गेलेल्या नराला दुप्पट औषध दिलं तर पातळ पाणी जास्त येतं, अंडी काही फळत नाहीत.

वेळ संध्याकाळची धर. 28-29 अंशांना मादी आठ-दहा तासांत सुटते, म्हणजे वीण पहाटे, जेव्हा पाणी सगळ्यात गार असतं. पाणी 25 असेल तर तास वाढतात, त्यानुसार सुई आधी दे. आणि मादीमागे दोन नर, किंवा वजनाला वजन, हा नेहमीचा हिशेब पाऊस वेळेवर आलेल्या वर्षासाठी. उन्हाळा लांबला असेल तर तीन नर सोड. 2023 सारखं वर्ष पुन्हा येईल. तेव्हा केरळातच पाऊस 8 जूनला पोचला आणि आपल्याकडे जूनच्या मध्यापर्यंत लू चालू होती. अशा वर्षी मादी वाट बघू शकते तोवर बघते, मग तिची अंडी जिरू लागतात. नर वाट बघतो असं दिसतं, पण आतून झिजत असतो. त्यासाठी दोन वर्षांच्या तरुण नरांचा एक छोटा संच सगळ्यात खोल, सगळ्यात गार तळ्यात वेगळा ठेव. ते मोठ्या नरांच्या मागून तयार होतात, उशिराच्या पावसाला तेच उभे राहतात.

वीण झाल्यावर चार-सहा तासांनी अंडी बघ. फळलेली पारदर्शक राहतात, न फळलेली पांढरी पडतात. शंभर अंडी ताटलीत घेऊन मोज. ऐंशीच्या वर फळली तर नर-मादी दोघंही ठीक. त्याच रात्री दुसऱ्या टाकीत, त्याच पाण्यात, वेगळ्या नरांवर ऐंशी आणि या टाकीत चाळीस असतील तर मादीला बोल लावायच्या आधी नरांचं टिपण काढ. ते कोणत्या तळ्यातले होते, त्या तळ्याचं नवतप्यातलं पहाटेचं तापमान किती होतं. वहीत हे रकाने नसतील तर हे कधीच कळत नाही. आपल्या जुन्या वहीत नराचा रकानाच नव्हता, मी तो पेनाने रेघ मारून घातला आहे, तू संगणकावर घाल.

काम झालेला नर परत तळ्यात सोडताना फिक्या गुलाबी परमँगनेटच्या पाण्यातून काढ आणि त्याच्या शेपटीच्या वरच्या टोकाला कात्रीने बारीकशी खूण कर. ती खूण दिसली की त्या हंगामात तो नर पुन्हा हाप्यात घ्यायचा नाही. पुढच्या जूनपर्यंत शेपूट भरून येते.